वरच्या फळीवरचं मशीन

कॉम्प्युटरच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात, धूळ आणि किस्से. धूळ आम्ही ब्लोअरने उडवायचो. किस्से राहिले. दुकान बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी कॉलेज रोडला जुनं गिऱ्हाईक भेटलं की चहा सांगितला जातो आणि गाडी हमखास सुधीरच्या मशीनवर येते.

सुधीर माझा पार्टनर. सिडकोत आमचं असेंब्लीचं दुकान होतं. सुटे पार्ट आणायचे आणि हवा तसा कॉम्प्युटर जोडून द्यायचा. मी काउंटरवर बोलबच्चन, तो आत स्क्रू ड्रायव्हर घेऊन. साऱ्या नाशिकला मशीनं जोडून देणाऱ्या या माणसाचं स्वतःचं मशीन मात्र नव्हतं. त्याला एकच हौस होती. गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम, स्वतः जोडलेल्या मशीनवर, फुल ग्राफिक्समध्ये खेळायचा. सीडी आधीच घेऊन ठेवलेली. वरच्या फळीवर एक काळं कॅबिनेट होतं. जमतील तसे पार्ट त्यात बसवत जायचे, असा बेत.

*

त्या काळी लोकांना धास्ती असायची, की जोडताना हे चांगला पार्ट काढून जुना घालतील. म्हणून गिऱ्हाईक समोर बसून जोडून घ्यायचं. चांदवडचे एक कांदेवाले काका तर डबा घेऊनच आले. स्टूल ओढलं आणि म्हणाले, "भाऊ, माझ्या डोळ्यादेखत जोडा. झाकण लागेपर्यंत मी काय हलत नाय."

सुधीरने प्रत्येक पार्ट आधी त्यांच्या हातात दिला, मग बसवला. दुपारी काकांनी त्यालाच भाकरी खायला लावली. शेवटी स्विच दाबला, तर मशीन ढिम्म! पॉवर सप्लाय खराब निघाला. काकांचं तोंड एवढंसं झालं, त्यात शेवटची एसटी निघायची वेळ. सुधीरने वरच्या फळीवरून स्वतःचा पॉवर सप्लाय काढला आणि लावून दिला. मुंबईहून खास आणलेला होता तो. मी डोळे वटारले, तर म्हणतो कसा, "परवा दुसरा आणू की."

हे "परवा" मी पुढे फार ऐकलं.

*

गंगापूर रोडचे बँकेतले एक साहेब. कॉम्प्युटर आमच्याकडूनच हवा, पण वर कंपनीचं नाव पाहिजे. का, तर मुलीला बघायला पुण्याहून मंडळी येणार होती आणि मुलगा इंजिनिअर. सुधीरने खोटं स्टिकर लावायला साफ नकार दिला. साहेब रुसले, पण मशीन घेऊन गेले.

पाहुण्यांपैकी मुलाने कॉम्प्युटर बघून विचारलं, "कुठला हा?" साहेब गडबडले आणि बोलून गेले, "घरचाच आहे."

लोणच्याबद्दल सांगावं तसं! पण लग्न जमलं. आम्हाला आमंत्रण आलं. आहेरात मी नेहमीसारखं पाकीट दिलं. सुधीरने काय द्यावं? फळीवरच्या मशीनसाठी घेतलेली जॉयस्टिक. नवरामुलगा इतका खूश, की बायकोकडे बघायचं विसरला.

*

मखमलाबादला फुलांचा मळा असलेलं एक घर होतं. दसऱ्याला त्यांनी कॉम्प्युटरची पूजा केली आणि घरच्या झेंडूचा भरगच्च हार असा घातला, की मागची जाळी झाकून गेली. मशीन तापून बंद पडायला लागलं. मी म्हटलं, हार काढा. तर आजीबाई म्हणाल्या, देवाचा हार वाळल्याशिवाय काढायचा नसतो.

सुधीर उठला. दुकानात आला, आपल्या कॅबिनेटचा पंखा काढला आणि त्यांच्या मशीनला बाजूने बसवून आला. आजीबाईंनी त्या पंख्यालाही कुंकू लावलं.

*

एकदाच, फक्त एकदाच सगळं जमलं होतं. ग्राफिक्स कार्ड आलं होतं. संध्याकाळी दुकान बंद करून मशीन सुरू करायचं ठरलं. चहा सांगायला मी बाहेर पडलो आणि परत येतो, तर आर्किटेक्चरची एक मुलगी रडत उभी. तिचं कार्ड जळलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सबमिशन.

त्या दिवशी मी खरंच चिडलो. म्हटलं, अरे, एकदा तरी तुझं चालू होऊ दे. आपलं कार्ड तिला देऊन तो रिकाम्या जागेतली धूळ पुसत म्हणाला, "गेम कुठे पळून जातोय?"

गेम नाही, पण दुकान गेलं. मोठमोठ्या शोरूम आल्या. खोक्यातून काढा, वायर लावा, झालं. समोर बसायला कुणाला वेळ राहिला नाही. आमचं स्टूल रिकामं पडायला लागलं. मी विम्याच्या कामाला लागलो आणि सुधीर त्यातल्याच एका शोरूमला, टाय लावून सीलबंद खोकी विकायला.  दुकान आवरायच्या आधी त्याचं मशीन तेवढं पुरं व्हायला हवं होतं, असं अजून वाटतं.

*

एका दिवाळीत शोरूमच्या सवलतीत सुधीरने तयार गेमिंग कॉम्प्युटर घेतला. मी सकाळीच पेढे घेऊन त्याच्या घरी. बघतो तर सील फोडलेलं, सगळे पार्ट सतरंजीवर मांडलेले, आणि हा फरशीवर बसून ते जुन्या काळ्या कॅबिनेटमध्ये बसवतोय.

"अरे, वॉरंटी गेली ना!"

"जाऊ दे. आता माझं झालं."

मशीन सुरू झालं. त्याने ती जुनी सीडी घातली. या सिस्टिमवर हा गेम चालणार नाही, असं स्क्रीनवर आलं. त्याने सीडी काढली, बनियनला पुसली, पुन्हा घातली. पुन्हा तेच. वहिनी म्हणाल्या, नवा गेम आणा की. तो सीडी डबीत ठेवत म्हणाला, "परवा आणतो."

मला राहवलं नाही. पुढच्या रविवारी मीच नव्या गेमची सीडी घेऊन गेलो. काळं कॅबिनेट टेबलावर उघडं पडलेलं. आत डोकावलो, तर पॉवर सप्लाय गायब. वहिनींनी गॅलरीकडे बोट दाखवलं.

गॅलरीत चांदवडचे काका स्टुलावर बसले होते, मांडीवर डबा. समोर त्यांचं तेच जुनं मशीन, झाकण काढलेलं.

सुधीरने मान वर न करता मला सांगितलं, "बस. भाकरी आहे."