अर्ध्या प्रश्नाचं उत्तर

लाँड्रीत तिला सगळे लगबगबाई म्हणत, आणि ते नाव काही उगाच पडलं नव्हतं. इस्त्रीच्या टेबलासमोर भिंतीवर तिने हाडांचा तक्ता चिकटवला होता. शर्टाची बाही होईपर्यंत खांद्यापासून मनगटापर्यंतची हाडं म्हणून बाई मोकळ्या. सकाळी इस्त्री, संध्याकाळी रुग्णसेवेच्या कोर्सचा वर्ग आणि उरलेल्या वेळात घर. हे जमतं तरी कसं, असं कुणी विचारलं की ती म्हणे, "एका वेळेला एकच काम करायची चैन मला परवडत नाही."

घरी नवऱ्याखेरीज सासरे होते. उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवलेला माणूस. अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. रोज मोठ्याने वाचायला लावा, असं डॉक्टर म्हणाले. लगबगबाईंनी लगेच मेळ बसवला. बाबांनी तिच्या प्रश्नसंग्रहातले प्रश्न वाचायचे आणि तिने भाजी निवडता निवडता उत्तरं द्यायची. त्यांचाही व्यायाम, हिचाही अभ्यास. युक्ती झकास होती, नाही कोण म्हणेल?

फक्त बाबांचा एक प्रश्न पुरा होईपर्यंत भाजी निवडून, चिरून फोडणीलासुद्धा पडायची. इतका धीर हिच्याकडे कुठून असणार! बाबा "ताप... उतरत नसेल..." इथवर आले की ही उत्तर देऊन मोकळी, आणि "हं, पुढचा." पुस्तक मिटल्यावरही बाबा कधीकधी "तू... मला..." असं काहीतरी सुरू करत. "हो हो, देते पाणी," म्हणून ती पेला पुढे करी. बाबा मुकाट्याने पाणी पीत.

तोंडी परीक्षा आली. पास झाली तर दवाखान्यात नोकरी ठरलेलीच होती. नाहीतर आणखी वर्षभर इस्त्री.

परीक्षकबाईंनी सुरुवात केली, "बेशुद्ध रुग्णाला पाणी..."

"तोंडाने द्यायचं नाही," हिने फटकन सांगितलं.

"...अंग पुसायला कितपत कोमट लागतं, असं विचारत होते मी."

पुढच्या प्रश्नालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. उत्तर दरवेळी बरोबर, पण न विचारलेल्या प्रश्नाचं. शेवटी बाईंनी पेन खाली ठेवलं.

"रुग्णालाही असंच बोलू देत नाही का तुम्ही?"

बाईंनी तिचा कागद बाजूला सरकवला.

"पुढच्या आठवड्यात परत या. तेव्हाही असंच झालं, तर वर्ष गेलं समजा."

घरी येऊन तिने पर्स टाकली, कुकर चढवला आणि बाबांसमोर बसली. झालेलं सगळं सांगितलं. "आज प्रश्न शेवटपर्यंत वाचायचे, बाबा. मी मध्ये बोलले तर खुशाल पुस्तक फेकून मारा."

बाबा अर्ध्या तोंडाने हसले आणि वाचू लागले. ती ओठ घट्ट मिटून बसली. जीव नुसता खालीवर होत होता. पण ती थांबली, आणि पुस्तक काही अंगावर आलं नाही.

पुस्तक मिटून ती उठणार, तोच बाबा म्हणाले, "तू... मला..."

हात सवयीने पेल्याकडे गेला होता. तिने तो मागे घेतला आणि पुन्हा बसली. कुकरची शिट्टी झाली. ती हलली नाही.

"तू... मला... डाव्या... हाताने..." बाबांनी दम घेतला. दुसरी शिट्टी झाली. "...लिहायला... कधी... शिकवशील?"

किती दिवस हा माणूस हेच विचारत होता, आणि किती दिवस आपण त्याला पाणी पाजत होतो! या प्रश्नाचं उत्तर तिच्याजवळ तयार नव्हतं. सकाळी इस्त्री, संध्याकाळी वर्ग, पुढच्या आठवड्यात परीक्षा.

"अहो, तेवढा गॅस बंद करा," तिने नवऱ्याला हाक मारली. मग जाड मार्कर काढून बाबांच्या डाव्या मुठीत दिला, त्यावर आपली मूठ ठेवली आणि म्हणाली, "आत्ता."