पॉपकॉर्नच्या गाडीचा कोपरा

माझा मेव्हणा वेंडेल प्रुइट हा जागा धरणारा माणूस. चर्च असो, शाळेतला बास्केटबॉलचा सामना असो की चार जुलैची मिरवणूक, हा सगळ्यांच्या आधी जाऊन बाकावर कोट, टोपी, हातमोजे असं एकेक पसरून बसायचा. माझी बहीण लोरेट्टा, म्हणजे त्याची बायको, मागाहून नटूनथटून यायची आणि टोपी उचलून तिच्या जागी बसायची. "नवरा म्हणून बरा आहे," ती म्हणायची, "पण खुंटी म्हणून फार चांगला."

जन्मभर त्यानं आमच्या ओहायोतल्या गावात शाळेची बस चालवली. पोर दारात दिसलं नाही तर हॉर्न न वाजवता थांबायचा. गावातल्या दोन पिढ्या त्याच्या बसमध्ये ओकल्या, पण तो एकाही पोरावर कधी ओरडल्याचं कुणाला आठवत नाही. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो.

दर वर्षी नाताळ आणि नवं वर्ष यांच्या मधल्या आठवड्यात प्रुइट मंडळी फ्लोरिडातल्या एकाच थीम पार्कला जायची. त्या आठवड्यात निम्मी अमेरिका त्या पार्कात असते आणि उरलेली निम्मी पार्किंगमध्ये जागा शोधत असते. पाळण्यांपुढच्या रांगा पाहून माणसाला वाटावं की पुढे मोक्ष वाटत असतील. पण प्रुइटांना पाळण्यांचं एवढं नव्हतं. त्यांचा सण म्हणजे दुपारची नाताळची मिरवणूक. मुख्य रस्त्यावर पॉपकॉर्नच्या गाडीशेजारी दिव्याचा खांब होता. त्या खांबाखाली, फुटपाथच्या कडेला लोरेट्टाची चौकड्यांची गोधडी पसरायची आणि एकसारखे लाल टी-शर्ट घालून सगळ्यांनी ओळीनं बसायचं. शर्टावर 'प्रुइट मंडळी' असं छापलेलं. वेंडेल सकाळपासून जागा धरायचा आणि लोरेट्टा बाकीच्यांना हाकत आणायची. मी अविवाहित भाऊ म्हणून या लवाजम्यात आपोआप धरला जायचो.

लोरेट्टा गेल्या एप्रिलमध्ये गेली.

या वर्षी जायचं की नाही यावरच वाद. त्यांची मुलगी डेनिस म्हणाली, "डॅड, क्रेगला बोटीच्या सफरीला जायचंय. मुलंही आता मोठी झाली." क्रेग म्हणजे तिचा नवरा. वेंडेल एवढंच म्हणाला, "एकदा बसू या सगळे गोधडीवर. आवडलं नाही तर पुढच्या वर्षी बोट." डेनिसनं मान्य केलं. ती मंडळी विमानानं आली. वेंडेल आणि मी जुन्या गाडीतून, मागच्या सीटवर सँडविचचा डबा आणि गोधडी घेऊन. जॉर्जियात शिरल्यावर वेंडेल म्हणाला, "क्लेट, सगळे आले पाहिजेत रे."

सकाळी पार्कची दारं उघडल्याबरोबर आम्ही कोपरा गाठला. गुडघ्यामुळे मला पाळण्यांतून सुटका होती, म्हणून मीही गोधडीवर. वेंडेलनं लाल शर्ट इस्त्री करून घातला होता. टी-शर्टाला इस्त्री करणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

बसल्यावर माझ्या लक्षात आलं. "वेंडेल, पॉपकॉर्नची गाडी कुठाय?"

गाडी रस्त्याच्या पलीकडे गेली होती. या वर्षी तिथे हलवली असावी. आमच्या बाजूला खांब होता तसाच होता.

"गाडी हलली असेल," तो म्हणाला. "कोपरा जागेवरच आहे."

"डेनिसला कळव बाबा."

"तिला कळवायचं? ती याच फुटपाथवर रांगायला शिकली."

एकदा मनावर घेतल्यावर वेंडेलपुढे बोलण्यात अर्थ नसतो. बसमध्येही तो रस्ता कुणाला विचारायचा नाही. गाव केवढं, तर दोन रस्त्यांचं, हा भाग वेगळा.

दुपार झाली तशी गर्दी अशी दाटली की मुंगीनंही तिकीट परत मागावं. हातात भाजलेल्या टर्कीच्या तंगड्या, डोक्यावर रेनडियरची शिंगं, बाबागाड्यांवर बाबागाड्या. आमच्या गोधडीवर दोन म्हातारे आणि चार जणांची मोकळी जागा. मोकळ्या जागेवर त्यानं टोपी, चष्म्याचं घर, पाण्याची बाटली आणि माझी काठी ठेवली होती. येणारा जाणारा त्या जागेकडे असा बघायचा, जणू आम्ही त्याच्या ताटातलं खातोय.

हिरवं जॅकेट घातलेली पार्कची मुलगी आली. "सर, माणसं नसली तर एवढी जागा नाही धरता येणार."

"येतायत. रांगेत आहेत."

"सगळ्यांचीच येतायत, सर," ती दमून म्हणाली आणि पुढे गेली.

त्यानं डेनिसला फोन लावला. "निघालोच, डॅड!" मागे किंकाळ्या. "हा एवढा पाळणा झाला की निघालो!" मिरवणूक तोंडावर आली तरी पत्ता नव्हता. वेंडेल उभा राहून मान उंच करून लाल शर्ट शोधत होता. पण नाताळात लाल शर्ट शोधणं म्हणजे लग्नात अक्षता शोधण्यासारखंच.

तेवढ्यात एक बाई आली. पाठीवर सामान, दोन लहान मुली, एकीला उचलून घेऊन हाताला रग लागलेली. मुली गोधडीच्या कडेला टेकल्या.

"सर, पाच मिनिटं बसू द्या ना. उभ्यानं त्यांना काही दिसत नाही."

"माझी माणसं येतायत."

"आली की उठतील हो."

थोरलीनं पाय पसरले. बुटाला चिकटलेलं आइस्क्रीम गोधडीच्या चौकड्यांवर लागलं. आणि वेंडेल ओरडला. ज्याच्या बसमध्ये दोन पिढ्या ओकल्या तो वेंडेल.

"उठा म्हणतो ना! ही माझ्या बायकोची जागा आहे!"

बाईनं रिकाम्या जागेकडे बघितलं. "कुठे आहेत त्या?"

धाकटीनं भोकाड पसरलं होतं. बाईनं दोघींना ओढून घेतलं. "चला गं. आजोबांच्या बायकोला बसायचंय." आणि ती मागे, लोकांच्या पाठींच्या भिंतीत दिसेनाशी झाली.

पार्कच्या माणसांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोर ताणले. आता कुणाला ओलांडता येणार नव्हतं. फोन वाजला.

"डॅड, कुठेयस तू? आम्ही पॉपकॉर्नच्या गाडीपाशी उभे आहोत!"

वेंडेलनं समोर पाहिलं. पलीकडे, गाडीला टेकून, डेनिस, क्रेग आणि दोन्ही नातवंडं. नातवंडांनी लाल शर्टावर काळी जाकिटं चढवून चेन गळ्यापर्यंत ओढली होती. हाक मारली तर ऐकू जाईल एवढं अंतर.

"मी खांबापाशी आहे," तो म्हणाला. "आपल्या खांबापाशी."

"कुठला खांब? मॉम नेहमी गाडीपाशी म्हणायची ना!" मग तिनं आम्हाला पाहिलं, हसली, जोरात हात हलवला. "अगं बाई! बरं, असू दे. आता इथूनच बघतो, हं!"

खोटं नव्हतं तिचं. लोरेट्टा गाडीच म्हणायची. तिला पॉपकॉर्न आवडायचं. खांब फक्त वेंडेलच्या लक्षात होता, कारण दर वर्षी सकाळभर तोच त्याला पाठ टेकून बसायचा.

मिरवणूक आली. बँड आला, साबणाच्या फेसाचा बर्फ पडला, रथावरून सांताक्लॉजनं हात हलवला. मधल्या फटींतून डेनिस दिसायची, मग रथ आडवा यायचा, मग पुन्हा दिसायची, तेव्हा ती फोनमधून बघत असायची. वेंडेल मात्र रस्त्याकडे बघतच नव्हता. वळून वळून मागे बघत होता.

"काय शोधतोयस?"

"ती बाई. मुलींना बोलावू या." त्यानं दोन-तीनदा हात उंचावला, "अहो, ताई!" अशी हाकही मारली. बँडच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? गोधडीचा अर्धा भाग शेवटपर्यंत रिकामा राहिला, आणि त्या भागाच्या मागे माणसं टाचा उंचावून बघत होती.

दोर सुटल्यावर डेनिसची मंडळी आली. "मस्त होती ना, डॅड! समोरासमोरच होतो की आपण!"

"म्हणजे एकत्रच बघितली," क्रेग म्हणाला. "झालं की नाही तुमच्या मनासारखं?"

"झालं," वेंडेल म्हणाला.

डेनिसनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मनापासून म्हणाली, "पुढच्या वर्षी बोट हं. तिथे प्रत्येकाची खुर्ची ठरलेली असते. तुला असं ताटकळायला नको."

त्यानं गोधडी झटकली. लोरेट्टा झटकायची तेव्हा पॉपकॉर्नचा सडा पडायचा आणि कबुतरं यायची. या वेळी काही पडलं नाही. आइस्क्रीमचा डाग तेवढा होता, तो त्यानं घडी घालताना आतल्या बाजूला घेतला.

पार्किंगकडे नेणाऱ्या छोट्या गाडीत डेनिसची मंडळी पुढच्या डब्यात चढली. आम्ही मागच्या. वेंडेलनं बसल्याबरोबर सवयीनं टोपी काढून शेजारच्या जागेवर ठेवली. एक म्हातारा जाड्या दांडा धरून वाकला. "इथे कुणी येणार आहे का?"

वेंडेल टोपीकडे बघत राहिला. गाडीनं हिसका दिला तेव्हा कुठे त्यानं ती उचलली.

"नाही," तो म्हणाला. "बसा."