दिवाकररावांचं नाक

दिवाकररावांचं नाक चालत नाही, हा संशय मला दिवाळीनंतरच्या त्यांच्या तापापासून होता. समता कॉलनीत आमच्या दोन घरांची भिंत एकच. तीस वर्षं या माणसाने दयारामच्या राईस मिलमध्ये तांदूळ हुंगून पास-नापास केला. साठी उलटली तरी जातात. नाक गेलं की काम गेलं, हे कोणी सांगायला नको.

रायपूर राजधानी झालं आणि आमच्या म्हाताऱ्यांना वाईनचं खूळ लागलं. दिवाकररावांचा जावई नाशिकहून बाटल्या आणतो, रेल्वेतून निवृत्त झालेला विनायक घरी जांभळाची मुरवतो. रविवारी दुपारी दिवाकररावांकडे जमायचं, चाखायचं, कशाची ते ओळखायचं, मग तासभर वाद. त्यांची बायको कुसुम आतून ग्लास भरून आणते. दिवाकरराव कधी चुकत नाहीत. कधीच नाही! मी जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. इतका अचूक निकाल आला की मी आधी प्रयोग तपासते.

तीन रविवार मी वाईन सोडून कुसुमकडे बघत बसले. द्राक्षाच्या ग्लासांबरोबर ती काजू ठेवायची, जांभळाच्या ग्लासांबरोबर फुटाणे.

चौथ्या रविवारी दयारामही आला. दुसऱ्या फेरीला फुटाणे आले. कुसुम आत वळताच, दिवाकररावांची नजर पडायच्या आत, मी ती ताटली मांडीवर घेतली आणि पहिल्या फेरीतले काजू दिवाकररावांपुढे सरकवले.

त्यांनी ग्लास फिरवला, नाक खुपसलं, घोट घेतला. "नाशिकची द्राक्षं. चांगली मुरलेली."

"अबे, जांभूळ हाय ते!" विनायक उखडला. "माह्या हातचं! द्राक्षं म्हणते!"

सगळे हसले. दयाराम हसला नाही. त्याने खिशातून तांदळाच्या नमुन्याची पुडी काढली. "भैया, जरा ये भी देख दो."

कुसुम दारात उभी होती. माझ्या मांडीवरची ताटली तिने पाहिली. "काहून केलं, वहिनी?"

मला खरं काय ते हवं होतं. त्यांचं काम घालवायचं नव्हतं. पण हे आता कोणाला सांगणार?

दिवाकररावांनी दोन दाणे दाताखाली फोडले. "सुकलेला हाय. तुकडाबी कमी." मग पुडी बायकोपुढे धरली. "वासाचं इले विचार, दयाराम. मले तापापासून काहीच येत नाही. तुया मिलचे नमुने घरी आणतो, ते हीच हुंगते."

कुसुमने पुडी नाकाशी नेली. "कुबट येऊन राहिलं. खालची पोती भिजली असन."

दयारामने पुडी परत घेतली. "हव," म्हणाला, "नीचे की थप्पी का ही है. कल भाभी को भी ले आना."

म्हणजे पोती भिजल्याचं त्याला आधीच ठाऊक होतं. पुडी खिशात घालून वाईन चाखायला कोण येतं? या माणसालाही आधीपासूनच संशय होता. उद्या कुसुमची कसली परीक्षा घेणार आहे, देव जाणे.

ते तिला सांगायला मी तोंड उघडलं, तर तिने माझ्या मांडीवरचे फुटाणे उचलले आणि आत निघून गेली.