इथे चुकीचं उत्तर नसतं

आमच्या शाळेतल्या काउन्सेलर मॅडम समोरच्याचं ऐकताना मान हलवायच्या आणि मान हलवता हलवताच लिहायच्या. मान आपल्यासाठी असली तरी लिहिणं आपल्यासाठी नसतं, हे मला उशिरा कळलं.

"इथे चुकीचं उत्तर नसतं, बेटा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सातवीत त्यांनी आम्हाला एक प्रश्नावली दिली. स्वतःबद्दलची वाक्यं वाचायची आणि खरं की खोटं, त्यावर आपणच खूण करायची. 'प्राण्यांना इजा करताना मला काही वाटत नाही.' उरणजवळच्या आमच्या घरी रविवारी चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, यायच्या आणि त्या जिवंत असतानाच त्यांच्या नांग्या मोडायचं काम माझं. मला खरंच काही वाटायचं नाही. 'मी भावना दाखवत नाही.' तेही खरं. माझ्या शेजारच्या सानिकाला मागच्या बाकावरून कंपासचं टोक टोचणारी रिया मात्र कागदावर सगळीकडे दयाळू निघाली.

मॅडमनी आईला बोलावलं. "सायकोपॅथ असं मी म्हणत नाहीये, पण लक्षणं तशी दिसतात. वेळीच लक्ष दिलेलं बरं."

"चिंबोऱ्या मोडल्या म्हनून?" आई म्हणाली. "मंग आमचा आख्खा गाव धरा, बाई. माजी पोर गप हाय, वाईट न्हाय."

मॅडमनी मान हलवली. त्यांनी लिहिलेलं मी टेबलाच्या उलट्या बाजूने वाचलं: 'घरचे मान्य करत नाहीत.'

सोमवारी मला खिडकीजवळ एकटीचा बाक मिळाला. सानिका माझी एकुलती एक मैत्रीण. तिला 'चांगली सोबत' म्हणून रियाशेजारी बसवलं. गणिताच्या तासाला तिचं दबलेलं 'आई गं' मला मागे न वळताही ऐकू यायचं. मी मॅडमना सांगायला गेले. "दुसऱ्यावर ढकलायचं नाही, बेटा," म्हणाल्या, आणि तेही लिहिलं.

मला ताप आला तेव्हा त्यांनीच स्कूटीवरून घरी सोडलं, हे नाकारत नाही. पण वाटेत तेवढ्यातही विचारलंच, "आजारी पडल्यावर भीती वाटते का तुला?"

मी नववीत असताना मॅडम नवी मुंबईतल्या मोठ्या शाळेत निघाल्या. निरोपाला मुली रडल्या, रिया सगळ्यात जास्त. तिला त्यांनी पोटाशी धरलं. मग माझ्याकडे वळल्या. "मी जातेय, तर तुला काहीच वाटत नाही?"

वाटत होतं. सुटल्यासारखं वाटत होतं. पण तेव्हा मी नुसती मान हलवली.

लिहिते आहे ते आज.