चौकोन विरला म्हणून पेढे

माझा स्वभाव तापट. नंदुरबारच्या शाळेत मी आयुष्यभर चित्रकला शिकवली, पण पोरांना आठवत असेल तो माझा आवाजच. निवृत्त होऊन कोरीटला घरी आलो, तर तोच आवाज बायकोच्या वाट्याला आला. तेव्हा ओळखीतल्या एका जुन्या साधकांनी सुचवलं, श्रीयंत्रासमोर बसा, मधल्या बिंदूवर नजर ठेवा, डोकं शांत होईल.

बाजारातलं यंत्र मला चालेना. त्रिकोण एकमेकांना छेदतात तिथे रेषा धड मिळत नाहीत, आणि असलं काही दिसलं की माझं टाळकंच सरकतं. मग दोन हात रुंद फळीवर मीच काढलं. बाहेर चार दारांचा चौकोन, आत कमळाच्या पाकळ्या, त्यांच्या आत एकमेकांत अडकलेले त्रिकोण आणि मधोमध लाल ठिपका. रोज सकाळी फळीच्या अगदी जवळ बसायचं आणि ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, एवढाच नियम.

बसू लागलो आणि खरंच निवलो. एकटक पाहिलं की कडेच्या रेषा विरायच्या, पापणी लवली की परत यायच्या. पुढे पुढे पापणी लवली तरी चौकोन परत येईना. मी हरखलो! साधकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बाहेरचं आवरण गळालं तुमचं. इतक्या लवकर कुणाचं होत नाही." झालं, मी गल्लीत पेढे वाटले. बायकोनं विचारलं, "कसाना पेढा?" मी म्हटलं, चौकोन गेला. "गया ते गया, त्यामा पेढा कसाना वाटतस?" म्हणाली आणि पेढा तोंडात टाकून कामाला लागली.

नंतर कडेच्या पाकळ्याही गेल्या. मी आणखी खूश. त्याच दिवसांत दाराच्या चौकटीला माझा खांदा आपटू लागला, ताटाशेजारचा तांब्या लवंडू लागला. धानोऱ्याच्या रस्त्यावर डावीकडून आलेला ट्रॅक्टर अगदी अंगावर आला तेव्हा दिसला. आणि एका दुपारी अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांवरून मी सरळ चालत गेलो. लालभडक मिरच्या, पांढऱ्या पोत्यांवर!

"तुम्हले दिखी नई ऱ्हायनं का?" बायको ओरडली.

मी भडकलो. माझं मन आत लागलेलं असतं, तुला काय कळतंय त्यातलं, असं बरंच काही बोललो. तिनं खाली बसून माझ्या पायाला चिकटलेल्या मिरच्या झटकल्या. "ते ध्यान ऱ्हाऊ द्या. पहिले डोया दखाडा."

नंदुरबारच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मला एका मशीनला हनुवटी टेकवून बसवलं. समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, बाजूला दिवा चमकला की बटण दाबायचं. मला हसूच आलं, हे तर माझं रोजचंच. पण बराच वेळ दिवा चमकलाच नाही. बाहेर येऊन म्हणालो, तुमचं मशीन बिघडलंय. डॉक्टरांनी कागद पुढे केला. मधे थोडं पांढरं, भोवती सगळं काळं.

"काचबिंदू आहे, सर. गेलेली नजर परत येत नाही. राहिली आहे ती औषधाचे थेंब घालून टिकवायची." मग त्यांनी विचारलं, "बाजूचं दिसेनासं कधी झालं, आठवतं?"

चांगलं आठवत होतं. पेढे कुठल्या दुकानातून आणले तेही आठवत होतं. मी नुसती मान हलवून नाही म्हटलं.

आता थेंब बायको घालते. मी अजूनही फळीपुढे बसतो, पण ध्यान कसलं डोंबलाचं! राहिलेल्या पाकळ्या कालच्याएवढ्याच दिसतात ना, हेच तपासत राहतो. भीती वाटते. आधी पाकळ्या, मग त्रिकोण, शेवटी ठिपका. ज्या क्रमानं हे सगळं विरावं म्हणून मी देवाजवळ बसत होतो, त्याच क्रमानं आता जाईल.

परवा सकाळी थेंब घालून झाल्यावर ती उठून गेली असं वाटलं. घरात आवाज नव्हता. एकदम इतकं एकटं वाटलं की नियम मोडला, ठिपक्यावरून नजर काढली आणि मान पूर्ण डावीकडे वळवली. ती तिथेच होती, हातभर अंतरावर, पदरानं डोळे पुसत.

मी विचारलं, इथे कधीपासून बसतेस?

"मी रोजच बठस," ती म्हणाली. "तुमना चौकोन गया तवयपाईन."