टाकीवरचा विझका तुकडा

वाइंडिंगवाल्या बाईंच्या गच्चीवर बारा महिने दिव्यांच्या माळा लागलेल्या असायच्या. नवा पोस्टमन पहिल्यांदा गल्लीत आला तेव्हा त्यानं विचारलंच, "कुणाचं लग्न हो?" समोरची शिंपीण खिडकीतून ओरडली, "लग्न कुठलं! बाईला वायर दिसली की हात शिवशिवतात."

ते काही खोटं नव्हतं. नवरा गेला तेव्हा मुलं शाळेत होती. बाई मोटरच्या दुकानात झाडलोट करायला लागल्या आणि झाडता झाडता जळक्या पंख्यांच्या तारा गुंडाळायला शिकल्या. पुढे घरातच काम मांडलं. तार चिमटीत धरली की ती जाड की बारीक, हे त्या न बघता सांगत. गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या माळा त्यांनी दुरुस्त केल्या आणि गच्चीवर टांगल्या. उन्हानं तडकलेल्या वायरीवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवले. पिनेच्या अलीकडे वायरला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल, आत शिरणार नाही. कावळ्यांशी मात्र त्यांचं उभं वैर होतं. मेले चोचीनं गाठी सोडत.

पण हौस ही हौस होती, तोवर ठीक होतं. दोन वर्षांमागे बाईंच्या छातीत कळ आली आणि माळांना काम लागलं.

मुलगा टॉवर क्रेन चालवायचा. अंगानं ताडमाड, म्हणून सगळे त्याला लांब्या म्हणत. नदीपलीकडे एक उंच इमारत चढत होती, तिच्याही वर त्याची केबिन. हुकाला भार असताना फोन बंद. आईला काही झालं तर कळणार कसं? लेक तर हटूनच बसली होती, "आईला मी माझ्याकडे घेऊन जाते." बाईंनी साफ सांगितलं, "तुझ्या घरात मी खुर्चीवर बसून गंजून जाईन." शेवटी मायलेकरांचा तह झाला. अंधारून आलं की बाईंनी माळा लावायच्या. लांब्यानं वरून बघायचं. दिवे लागले म्हणजे आई धडधाकट. ज्या दिवशी लागणार नाहीत, त्या दिवशी बाईंनी मुकाट्यानं लेकीकडे जायचं.

या सगळ्यात बाईंना एकच गोष्ट खुपायची. पाण्याच्या टाकीवरचा माळेचा एक तुकडा कधीचा मेला होता. गावाच्या मोटरी जिवंत करणारी बाई, आणि तिच्याच डोक्यावर विझका तुकडा! पण डॉक्टरांनी स्टुलावर चढायला बंदी केली होती.

एका दुपारी बाईंनी बंदी मोडली. लांब्या हल्ली फारच काळजीनं बघायचा. त्याला दाखवून द्यावं, आईचे हात अजून थकले नाहीत. स्टूल टाकीला टेकवलं, मेलेले बल्ब काढले, नवे बसवले आणि तो तुकडा वेगळ्या पिनेनं जोडून टाकला. संध्याकाळी बटण दाबलं. सगळी गच्ची एका दमात पेटली. बाई चहा घेऊन ऐटीत बसल्या. आता वर बसून बघ म्हणावं!

तासाभरात दारावर धाडधाड थापा. लांब्या! डोक्यावर हेल्मेट तसंच, छातीचा भाता झालेला.

"आई, दिवे का नाही लावलेस?"

"डोळे फुटले का तुझे? वर जाऊन बघ."

तो गच्चीवर गेला आणि खांबासारखा उभा राहिला.

"भार लटकत ठेवून आलास?" बाई मागून जिना चढत ओरडल्या.

"खाली ठेवून आलो गं. बदलीवाल्याला बसवलं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मला दिसलेच नाहीत हे."

"एवढे दिवे दिसले नाहीत?"

"दिवे दिसले. घर दिसलं नाही." मग मान खाली घालून म्हणाला, "मी ताईला फोन केला. ती परवा तुला न्यायला येतेय."

बाईंचा चेहरा उतरला. "दिवे लावूनही हरले का मी? ते काही नाही. तू जिथून बघतोस तिथून मला दाखव, मग ने कुठं न्यायचं तिथं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुपरवायझरच्या हातापाया पडून लांब्यानं आईला हेल्मेट घातलं आणि सामानाच्या लिफ्टमधून वरच्या तयार मजल्यावर नेलं. क्रेन त्याहून वर होती, पण बाईंना एवढंच पुरे होतं. निघताना त्या माळा लावून आल्या होत्या.

जाळीच्या कठड्याला धरून बाईंनी खाली पाहिलं.

त्यांना वाटलं होतं, काळोखात आपली एकटीची गच्ची उजळलेली दिसेल. पण खाली गच्चीमागून गच्ची पेटलेली होती. टाक्यांभोवती, कपड्यांच्या दोऱ्यांवर, कुंड्यांमधून पिवळे, निळे, हिरवे दिवे नदीपर्यंत सांडले होते. बाई बुटक्या, गच्च्यांचे कठडे उंच. त्यांना कधी पत्ताच लागला नव्हता. त्यांना हसणारी अख्खी गल्ली त्यांचंच बघून चोरून माळा लावून बसली होती!

"अगं बाई," त्या पुटपुटल्या. "अगं बाई बाई."

"आता ओळख, आपलं कुठलं?"

बाईंनी डोळे बारीक केले, मोठे केले. तारेची जाडी चिमटीत ओळखणाऱ्या बाईंना स्वतःचं घर सापडेना.

"मी टाकीवरच्या विझक्या तुकड्यावरून ओळखायचो," लांब्या म्हणाला. "पडलेल्या दातासारखा दिसायचा. मला वाटायचं, तू माझ्यासाठीच तसा ठेवलायस."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या खिशातला फोन ओढून शिंपिणीला लावला.

"माझ्या गच्चीवर जा. किल्ली तुझ्याकडेच आहे. टाकीपाशी एकटी पिन आहे, ती उपट."

"आत्ता? माझी शिलाई चालू आहे!"

"जा म्हणते ना. आणि काय गं, तुझ्याही टाकीमागं माळ आहे का?"

पलीकडचं मशीन थांबलं. "तुला कुणी सांगितलं?"

"जा आधी!"

दोघं जाळीला नाक लावून उभी राहिली. वारा हेल्मेटमध्ये घुमत होता. आणि त्या सगळ्या झगमगाटात एका जागी बोटभर काळोख पडला. दिव्यांच्या त्या पुरातून बाईंचं घर वर आलं. तीच टाकी, तोच जिना, तीच कावळ्यांनी छळलेली कोपऱ्यातली गाठ. बोटानं झाकता येईल एवढंसं, पण त्यांचं. दोन वर्षं पोरगं रोज इथून हेच बघत आलं होतं.

"विझलं बाई!" फोनमध्ये शिंपीण हळहळली. "किती छान पेटलं होतं!"

"राहू दे तसंच," बाई म्हणाल्या. "हात लावू नकोस."

लांब्यानं फोन घेतला आणि बहिणीचा नंबर लावला.

"ताई, येऊ नकोस न्यायला. आई आहे तिथंच राहतेय. हो, हो, दिसली मला."

बाईंचं लक्ष नव्हतं. त्या अजून खालीच बघत होत्या.