उताऱ्यांची तलाठीण

आमच्या गावाला दोन तलाठी होते. एक सरकारी, त्यांच्या कार्यालयाला बहुतेक कुलूपच दिसायचं. दुसरी माझ्या भिंतीला भिंत लावून राहायची आणि तिचं दार सदा सताड उघडं. नाव गिरजाबाई. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून तिला गिरजामाय म्हणायचे, पण गावानं तिला 'तलाठीण' करून टाकलं होतं. कारण उताऱ्यांचं काम तिच्याकडे होतं.

हे उतारे सात-बाराचे नव्हेत. घरात कुणी अंथरुणाला खिळलं, औषधानं गुण येईना, की आमच्याकडे त्या माणसावरून कोंबडी ओवाळतात, तिच्या डोक्याला कुंकू लावतात आणि पाय बांधून लिंबू-भातासकट गावाबाहेरच्या तिठ्यावर ठेवून येतात. ठेवणाऱ्यानं मागे वळून पाहायचं नाही, बाकीच्यांनी तिला ओलांडायचंसुद्धा नाही. माणसाचं दुखणं आता कोंबडीवर. पुढे तिचं काय होतं हे कुणी विचारत नाही. कुत्री तेवढी विचारतात. किन्हीराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा तिठा आहे, त्यामुळे आजूबाजूच्या गावांची दुखणीसुद्धा तिथंच येऊन पडायची.

गिरजामाय सकाळी उठली की आधी तिठ्यावर. कोंबडी बांधलेली असली तर सोपं काम. पण एखादी सुतळी तोडून तुरीत शिरलेली असायची, आणि तुरीत शिरलेली कोंबडी पोलिसालाही सापडायची नाही. गिरजामाय कधी धावली नाही. ती त्या बाजूला पाठ करून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर बसायची, मूठभर ज्वारी मागे टाकायची आणि आपल्याशीच बोलावं तसं घरातलं काहीबाही बोलत राहायची. भाजीत मीठ जास्त झालं, परीचा दात पडला, असलं. परी म्हणजे तिची नात. कोंबडी ऐकत ऐकत जवळ आली की अंगावर पदर टाकायचा. अंधार झाला की कोंबडी गप्प. "मांगं धावलं तं देव बी भेटत नाही, कोंबडी काय भेटते," असं तिचं म्हणणं होतं.

धरलेली कोंबडी काखेत उभी घेऊन यायची. माझ्या नवऱ्यानं एकदा बाजारातल्यासारखी पाय धरून उलटी आणून दिली, तर तिनं त्याला विचारलं की तुला असाच मेडशीच्या बाजारापर्यंत नेला तर चालेल का. तो आजही कोंबडी दिसली की हात मागे घेतो.

घरी आणायच्या आधी ती कोंबडीचं कुंकू नाल्यावर धुऊन टाकायची. सुतळीनं पाय सुजलेला असला की हळद-तेल. मग डालग्याखाली दोन दिवस झाकून ठेवायची, म्हणजे कोंबडीला घर समजतं. विकणं नाही, कापणंही नाही. मी एकदा विचारलं, एवढा जीव काहून लावता. ती म्हणाली, "लोकाचं दुखनं डोक्यावर घेऊन आली बापडी. तिले आपन आखीन काय दुखवाव?"

नावंही ती दुखण्यावरूनच ठेवायची. कुणाचा उतारा आहे हे गावात लपत नाहीच. त्यामुळे तिच्या अंगणात खोकली होती, कावीळ होती, एक दांडगा कोंबडा होता त्याचं नाव मूळव्याध. ज्यांच्या घरची मूळव्याध होती ते गृहस्थ आमच्या गल्लीतून जाणं टाळायचे, कारण संध्याकाळी गिरजामाय अंगणात उभी राहून मोठ्यानं हाका मारायची. अंडी गावात कुणी घेत नसे, उताऱ्याची म्हणून. मी घ्यायचे. मला कधी काही झालं नाही, वजन तेवढं वाढलं.

एकदा कामरगावकडचा एक पाहुणा, सासऱ्याच्या शेताच्या कामानं आलेला, तलाठ्याचं घर विचारत फिरत होता. पारावरच्या कुणा टवाळानं त्याला इकडे पाठवलं. त्यानं दारात उभं राहून उतारा पाहिजे म्हणून सांगितलं. गिरजामायनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोनता देऊ? काळा का तांबडा?" पाहुणा म्हणाला, शेताचा द्या. ती म्हणाली, शेतातलेही आहेत, पण ते रात्री कोल्ह्याला भितात. अर्ध्या तासानं त्याला चहा पाजून, खऱ्या तलाठ्याचा रस्ता दाखवून तिनं वाटेला लावलं. त्याला काय हवंय हे तिला खरंच कळलं नव्हतं, का ती त्याची फिरकी घेत होती, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही.

सून सुनीता मात्र या सगळ्याला भ्यायची. स्वभावानं चांगली, कामाला वाघीण, पण गावाची दुखणी आपल्या अंगणात दाणे टिपतात हे तिला सोसत नव्हतं. मुलगा घनश्याम दोघींच्या मधे गप्प. चाललं होतं तसं चाललं असतं, पण परीला ताप आला आणि उतरेना. वाशीमच्या दवाखान्यात नेलं, टायफॉइड निघाला, सलाईन लागली, पोरगी घरी आली, पुन्हा फणफणली. शेजारणी येऊन अंगणाकडे बघायच्या आणि काही न बोलता जायच्या. ते न बोलणं सुनीताला फार लागायचं.

एका सकाळी मी बस धरायला निघाले तर तिठ्यावर गिरजामाय बसलेली. मांडीवर तांबडी कोंबडी, डोक्याला ओलं कुंकू, पाय बांधलेले. मी म्हटलं, आज कोणाची? ती म्हणाली, "माहीच हाय. खोकली."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. सुनीतानं रात्री सासूच्याच डालग्यातली कोंबडी पोरीवरून उतरवली होती. त्या घाबरलेल्या बाईला दुसरी कुठून मिळणार होती?

मी म्हटलं, चला, घरी नेऊ. गिरजामाय उठली नाही. "घरी कशी नेऊ वं? पोरीचं दुखनं इच्यावर देल्लं तिनं. मी नेली तं मीच ते परत आनलं असं होईन." मी म्हटलं, मग माझ्याकडे द्या. तर म्हणे तुझ्याही घरी लेकरं आहेत. मला राग आला. तुमचाही विश्वास आहे का या असल्या गोष्टींवर, असं मी जरा तोडूनच विचारलं. ती कोंबडीच्या पायाची गाठ सोडवत होती. "म्या मानून न मानून काय होते? लेकरू तिचं हाय. तिले भेव वाटते ना, मंग ते भेव खरंच हाय."

त्याच दुपारी ती सगळ्या कोंबड्या घेऊन शेतातल्या खोपडीत राहायला गेली. भांडण नाही, शब्द नाही. राखणीला जाते म्हणाली. पुढे परी बरी झाली. डॉक्टर म्हणाले गोळ्यांनी, गाव म्हणालं उताऱ्यानं. सुनीता सकाळ-संध्याकाळ नवऱ्याबरोबर डबा पाठवायची, त्यात सासूच्या आवडीची भाजी असायची, पण परत या म्हणायचा तिला धीर होत नव्हता. पोरगी बरी झाली होती, तेच कुठे तरी मोडेल अशी भीती. पोरीलाही शेतात पाठवत नव्हती. शाळेचा ऑटो शेतावरून जायचा तेव्हा गिरजामाय धुऱ्यावर येऊन उभी राहायची, परी हात हलवायची, ऑटो निघून जायचा. मी भेटायला गेले की ती आधी पोरीचं विचारायची आणि मग कोंबड्यांचं सांगायची. एकदा म्हणाली, "परीचे केस लांब झाले वाटते. ऑटोतून नीट दिसत नाही." मला त्या दिवशी तिथं बसवेना.

दोन हिवाळे ती तिथं राहिली. दुसऱ्यात, घनश्याम डबा घेऊन गेला तेव्हा ती झोपेतच गेलेली होती.

दहाव्याला शेताच्या नाल्यावर पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून होते, पण उतरेनात. माणसांनी हात जोडून एकेक वचन द्यायला सुरुवात केली. घनश्याम पोरीला खूप शिकवीन म्हणाला. कावळे बसूनच. तेवढ्यात खोपडीमागून कोंबड्या आल्या, सरळ आमच्या पायांतून वाट काढत पिंडाशी गेल्या आणि भात टिपायला लागल्या. माणसं हुश्श-हुश्श करत धावली. भावकीतले एक म्हातारे म्हणाले, हे चालत नाही, कावळ्यानंच शिवलं पाहिजे, दुसरा पिंड करा.

सुनीता मधे येऊन उभी राहिली. "खाऊ द्या त्यायले," ती म्हणाली. "आत्याबाई कावळ्यात कायले येतीन? आल्या तं कोंबडीतच येतीन."

म्हातारे बाभळीखाली जाऊन बसले.

संध्याकाळी तिनं एकेक कोंबडी स्वतःच्या हातांनी डालग्यात भरली आणि घरी आणली. अंगणात ज्वारी टाकली. परी प्रत्येकीचं नाव विचारत होती, आणि ती सांगत होती. सगळी पाठ होती तिला. मग माझ्या शेजारी ओसरीवर येऊन बसली आणि रडायला लागली. "म्या त्यायले एकदा 'घरी चाला' म्हनायले पायजे होतं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मी तिचा हात धरून बसले. अंगणात कोंबड्या आपापली जागा शोधत होत्या. सगळ्या घरी आल्या होत्या. गिरजामायच तेवढी यायची राहिली.